राजीनामा कोणाकडे द्यायचा?

वादी अदाई, मस्कत
१० जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

काल फोनवर तू अर्धा तास नुसती "बरं, बरं" म्हणत होतीस, तेव्हाच मी ओळखलं की कानाचं मशीन पुन्हा कपाटात गेलं आहे. म्हणून आता लिहूनच, ईमेलने कळवतो.

बातमी मोठी आहे. ॲलिस्टर कायमचा कॅनडाला गेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी केक वाटता वाटता त्याने सांगितलं आणि आठवड्याभरात माझ्याकडे राजीनामा देऊन बायकोमुलांसकट विमानात बसलासुद्धा. म्हणजे आपल्या वसईकर स्नेहमंडळाला आता अध्यक्ष नाही. उपाध्यक्ष कोण? तुझा भाचा! घटनेप्रमाणे अध्यक्षाचं सगळं काम माझ्याकडे आलं आहे. आज चर्चमध्ये मिस्सानंतर लोक हात मिळवायला येत होते.

पण तुला म्हणून सांगतो, मला नुसतं कार्यकारी राहायचं नाही. बारा वर्षं मी उपाध्यक्ष आहे. कंपनीत जन्म गेला तो असिस्टंट स्टोअर मॅनेजर म्हणून. चर्चच्या गायनात मला कायम दुसरा आवाज. माझी अँजेला आज असती तर म्हणाली असती, "पायस, एकदा तरी पुढच्या खुर्चीत बस." तेव्हा मी अध्यक्षपदाला उभा राहतोय. समोर नॅटली आहे, निझव्याच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला असते ती. पाचवीत तू तिला इथल्याच शाळेत शिकवलंस. पोरगी हुशार आहे, पण मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडते. मी निवडून येणार यात शंका नाही.

अडचण एकच. आठव्या कलमात तू लिहून ठेवलं आहेस की अध्यक्षाच्या खुर्चीत बसून कोणी अध्यक्षपदाची निवडणूक लढवू नये, उपाध्यक्षाने आधी आपलं पद सोडावं. ठीक आहे, सोडतो. पण नववं कलम म्हणतं, उपाध्यक्षाने राजीनामा अध्यक्षाकडे द्यावा. अध्यक्ष आहे कुठे? त्याचं काम बघणारा मीच. मग मी माझ्याकडेच राजीनामा देऊ का? घटना तू लिहिलीस, आता तूच सांग.

पायस
कार्यकारी अध्यक्ष, वसईकर स्नेहमंडळ


गिरीज, वसई
१४ जानेवारी २०२५

प्रिय पायस,

मावशीला लिहितानाही हुद्दा टाकतोस, म्हणजे खुर्ची अंगाला लागली म्हणायची.

तुझा प्रश्न मात्र पहिल्या नंबरचा आहे. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण असा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही. ती घटना मी शहाण्णव साली उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली. शेजारी भारताची राज्यघटना उघडी ठेवली होती. जिथे राष्ट्रपती तिथे अध्यक्ष घातला, जिथे उपराष्ट्रपती तिथे उपाध्यक्ष, आणि संसदेच्या जागी सर्वसाधारण सभा. पुरुष मंडळी म्हणाली, "बाई, फुटबॉल आणि कॅरोलसाठी एवढं कशाला?" मी म्हटलं, भांडणं देशात होतात तशीच मंडळात होतात, फक्त आवाज जरा मोठा असतो.

आपल्या देशातही राष्ट्रपतींनी राजीनामा द्यायचा तो उपराष्ट्रपतींकडे आणि उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतींकडे. एकोणसत्तर साली राष्ट्रपती पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती त्यांचं काम बघू लागले, आणि पुढे निवडणूक लढवायची म्हणून त्यांनीही पद सोडलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या! तेव्हा महिनाभर सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचं काम पाहिलं. हा धडा मी वर्गात फार रंगवून सांगत असे.

आता मंडळात सरन्यायाधीश कुठून आणायचा? निवाडा करणारा एकच माणूस होता, वार्षिक फुटबॉल सामन्याचा पंच. म्हणून दहाव्या कलमात मी लिहिलं, दोन्ही पदं रिकामी झाल्यास मंडळाच्या पंचाने अध्यक्षाचं काम पाहावं. आणि पंच वसईचा असला की गिरीजवाले म्हणणार तो पापडीचा, पापडीवाले म्हणणार तो नंदाखालचा. म्हणून पंच बाहेरचाच, हा तुमचा जुना नियम. आजचा पंच कोण? हर्णैचे रशीदभाई. म्हणजे तू पद सोडलंस की वसईच्या कॅथलिकांचे अध्यक्ष रशीदभाई. मला चालेल. ते शिट्टी उशिरा वाजवतात, पण चुकीची वाजवत नाहीत.

राजीनामा कोणाकडे द्यायचा याचं उत्तर माझ्याजवळ आत्ता नाही. नसलेलं उत्तर मी देत नाही. तू काय करतोस ते कळव.

एक मात्र विचारते. अध्यक्षपद दोन वर्षांचं आणि तू मेमध्ये कायमचा घरी येणार. हे गणित कसं बसवलंस?

मावशी


वादी अदाई
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

सभा झाली. असली सभा मंडळाने पाहिली नव्हती.

मी उभा राहिलो, उपाध्यक्ष या नात्याने राजीनामा वाचला, टेबलाला वळसा घालून अध्यक्षाच्या खुर्चीत बसलो आणि कार्यकारी अध्यक्ष या नात्याने त्यावर "मंजूर" लिहून सही केली. टाळ्या पडल्या. मग रशीदभाईंना बोलावलं. ते लांबच्या सहम गावाहून खास आले होते, दुकान मुलावर टाकून, आणि सवयीने शिट्टी गळ्यात होतीच. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी ती एकदा वाजवली आणि म्हणाले, "यल्ला, चला, आता एकेकाने बोला." पहिल्यांदाच आपल्या सभेत एकेकजण बोलला, मावशी. एकवीस फेब्रुवारीला निवडणूक ठरली, माझा आणि नॅटलीचा अर्ज घेतला गेला.

तेवढ्यात आपला सेक्रेटरी ॲलन उठला. तुझाच विद्यार्थी, दुसरं काय होणार! म्हणाला, "अंकल, वन मिनिट. 'मंजूर' लिहिताना तुम्ही कोण होता?"

मी म्हणालो, "कोण म्हणजे? पायस."

"तसं नाही. तुम्ही उपाध्यक्ष होता, तर स्वतःचाच राजीनामा स्वतः मंजूर केलात. नव्हता, तर मग सही करायचा अधिकार कुठून आला?"

मग जो गोंधळ झाला तो शिट्टीलाही आवरेना. शेवटी रशीदभाई म्हणाले, "ज्यांनी नियम लिहिला त्या हयात आहेत. त्यांना विचारू. बाई सांगतील ते फायनल." सगळ्यांनी हात वर केले. नॅटलीनेसुद्धा.

तेव्हा मावशी, सगळं आता तुझ्या हातात आहे. मी काही तुला सांगणार नाही काय लिहायचं ते. एवढंच म्हणतो की राजीनामा मनापासून दिला होता आणि तो सगळ्यांच्या देखत दिला होता. त्यात खोट काढायची तर कशातही काढता येते.

बाकी इथे हवा छान आहे. रशीदभाई पत्र लिहितीलच.

तुझा
पायस


सहम
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय हिल्डाबाई,

रशीदचा सलाम. तब्येत बरी असेल अशी उमेद करतो.

बाई, दोन दिवस मी तुमच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, की नाही, ते तुम्हीच आता सांगायचं. घरी बीवी नूरबानू हसून हसून बेजार आहे. म्हणते, "स्वतःच्या दुकानात तुमचं कोणी ऐकत नाही आणि तिकडे अख्खी वसई सांभाळता." मी तिला म्हटलं, तिथे माझ्याकडे शिट्टी असते.

सवाल मी साधा करून मांडतो. पायसभाईंनी स्वतःचा राजीनामा स्वतःच मंजूर केला, तो धरायचा का? धरला तर ते निवडणुकीला उभे राहू शकतात. नाही धरला तर ते अजून उपाध्यक्षच आहेत, आणि मी त्या खुर्चीत कोण म्हणून बसलो, हा दुसरा सवाल. मी ठरवलेली तारीख आणि घेतलेले अर्ज यांचं काय, हा तिसरा. रमजानच्या आधी हे मिटावं एवढीच विनंती, महिनाभर मला सभेला येणं जमणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पायसभाई माझे दोस्त आहेत, म्हणून मी मत देत नाही.

तुम्हीही आनंदात असाल. पायसभाईंनी त्यांच्या अर्बाबला, कंपनीच्या मालकाला, आणखी दोन वर्षं राहायचा शब्द दिला, व्हिसाही वाढला. अध्यक्ष झाले तर पूर्ण टर्म बसतील. या वयात कंपनी सोडत नाही म्हणजे माणसाची किंमत आहे.

दुआ करा.

आपला
रशीद


गिरीज, वसई
७ फेब्रुवारी २०२५

रशीदभाईंना सप्रेम नमस्कार. या पत्राची एक प्रत पायसला जाईल.

तुमचे तीन प्रश्न, माझी तीन उत्तरं.

राजीनामा धरता येत नाही. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होत नसतो. हे मी लिहून ठेवलेलं नसलं तरी ते सगळ्या कायद्यांच्या आधीचं आहे. पायस त्या दिवशी राजीनामा देणारा होता, घेणारा होऊ शकत नव्हता. म्हणून तो आजही उपाध्यक्ष आहे आणि अध्यक्षाचं कामही त्याच्याकडेच आहे. नवा अध्यक्ष येईपर्यंत त्याचा राजीनामा घेणारं कोणी नाही, म्हणून त्याला पद सोडता येत नाही. पद सोडता येत नाही म्हणून निवडणूकही लढवता येत नाही. त्याचा अर्ज बाद.

याचा अर्थ तुम्ही कधी अध्यक्षाच्या खुर्चीत नव्हताच. वाईट वाटून घेऊ नका. आपल्या देशाच्या घटनेत लिहिलं आहे की राष्ट्रपतींची निवडच पुढे कोर्टाने रद्द केली तरी त्यांनी तोवर केलेली कामं रद्द होत नाहीत. ते कलम मी मंडळासाठी जसंच्या तसं उतरवलं होतं. तेव्हा तुम्ही ठरवलेली तारीख कायम आणि नॅटलीचा अर्ज कायम.

नूरबानूला सांगा, थोडा वेळ का होईना, सभा शिस्तीत चालली असं ऐकलं. इतक्या वर्षांत तेवढं कोणाला जमलं नव्हतं.

व्हिसाची बातमी कळवलीत, आभारी आहे. मला ती माहीत नव्हती.

हिल्डा


वादी अदाई
९ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझा निकाल सभेच्या ग्रुपवर वाचला गेला. लोकांनी तुझ्या हुशारीचं कौतुक केलं.

तुला सगळं कळलं आहे, तर आता मीही स्पष्ट बोलतो. तू हे कायद्यासाठी केलेलं नाहीस. रशीदभाईंच्या पत्रातून तुला कळलं की मी थांबतोय, आणि चार दिवसांत माझा अर्ज बाद झाला. मी घरी यावं म्हणून तू मला पाडलंस. घटना तुझी, पंच तुझा, निकाल तुझा. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कोणाला?

हो, मी तुला सांगितलं नव्हतं. सांगणार होतो, निवडून आल्यावर. तुला तेव्हा आनंद झाला असता असं मला वाटलं. मी तुझ्याकडे काय मागत होतो? दोन वर्षं. एकदा नावापुढे "उप" नसलेलं पद. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तूच इथे आणलंस, आणि नवीन माणूस आला की त्याला "हिल्डाबाईंचा भाचा" अशीच माझी ओळख करून देतात. तेही मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

आता काय, एकवीस तारखेला जाऊन नॅटलीला हार घालायचा. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

पायस


गिरीज, वसई
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पायस,

रागावून का होईना, खरं लिहिलंस. महिनाभर ताकाला जाऊन भांडं लपवत होतास, त्यापेक्षा हे बरं.

आता माझं ऐक. तू घरी यावंस असं मला वाटतं का? वाटतं. फार वाटतं. मी एकोणऐंशी वर्षांची आहे. संध्याकाळी दार लावलं की सकाळी दूधवाला येईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि तो बोलतो ते मला ऐकू येत नाही. मे महिना मी कॅलेंडरवर बघत होते. व्हिसा वाढला हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. हे सगळं खरं आहे.

आणि निकालही खरा आहे. तो मी रशीदभाईंचं पत्र यायच्या आधीच ठरवला होता, तुझ्या पत्रात ॲलनचा प्रश्न वाचला तेव्हाच. तू माझा भाचा नसतास तरी तोच दिला असता. कदाचित जरा लवकर दिला असता. आपला तो बाब्या असं मला तुझ्याबद्दल नेहमीच वाटतं, म्हणून चार दिवस पळवाट शोधत बसले. राजीनाम्याला सापडली नाही.

पण दुसरीकडे एक सापडली, आणि ती मी तुला सांगते, म्हणजे मी काही दडवलं असं तुला जन्मभर वाटायला नको.

देशात राष्ट्रपतींची जागा मृत्यूने किंवा राजीनाम्याने रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. ही मुदत मंडळाच्या घटनेत नाही. मीच ठेवली नाही, कारण उन्हाळ्यात निम्मं मंडळ गावी असतं आणि मतदानाला माणसं जमत नाहीत. सभेची तारीख पुढे ढकलायचा अधिकार अध्यक्षाचं काम पाहणाऱ्याला आहे, आणि किती वेळा ढकलावी हे कुठेही लिहिलेलं नाही. कळलं? तुला निवडणूक जिंकायची गरजच नाही. एकवीस तारखेला सभा तहकूब कर. मग जूनमध्ये कर, मग पुढच्या नाताळात कर. दोन वर्षं काय, चार वर्षं त्या खुर्चीत बस. अध्यक्षाचे सगळे अधिकार तुझे, नाताळचं भाषण तुझं. नॅटली काही करू शकणार नाही. तिने मला विचारलं तर मला तिलाही हेच सांगावं लागेल की पायसचं बरोबर आहे.

ॲलनच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. तो नवव्या कलमापाशीच अडकला असेल, शाळेतही प्रश्न एकच नीट सोडवायचा.

मी तुला पाडलं म्हणालास. घे, हे उठायचं साधन. बसायचं असेल तर ताठ बस, चोरून बसू नकोस. आणि मला काय हवं ते वर लिहिलं आहे. पुन्हा लिहिणार नाही.

मावशी


वादी अदाई
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं. दहा दिवस मी तुझ्या पळवाटेवर बसून होतो.

खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. रशीदभाईंना फोन करून सांगितली. ते म्हणाले, "पायसभाई, मॅचमध्ये वेळ संपल्यावर शिट्टी न वाजवायचा हक्क माझ्याकडे असतो. कोणी विचारत नाही. पण मैदानातली पोरं दमतात." मी म्हणालो, "म्हणजे तुमचं मत काय?" तर म्हणाले, "मी दोस्त आहे, मी मत देत नाही."

काल सभेला गेलो तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. खिशात दोन कागद होते. एकावर सभा तहकूब करण्याचा आदेश, दुसऱ्यावर राजीनामा. खुर्चीत बसलो. लोक आधीच म्हणत होते, "पायस अंकल, घाई काय आहे, तुम्हीच चालू द्या की." म्हणजे पळवाट लागलीही नसती, नुसतं हो म्हणायचं होतं. समोर नॅटली निझव्याहून दीड तास गाडी चालवून आलेली, हातात कागद. त्यावर तिने अध्यक्षाची शपथ मराठीत लिहून आणली होती, पाठ करण्यासाठी. तिला वाटत होतं निवडणूक होणार, म्हणून. तिला नियम ठाऊक होता आणि नियम पाळला जातो एवढंच तिला ठाऊक होतं. ते तू शिकवलेलं.

मी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. घरचं वगळून, पळवाट तेवढी. ॲलनने कपाळावर हात मारला. मग मी सांगितलं की ही मुदत आजच्या सभेत घटनेत घाला, सहा महिने, आणि निवडणूक आत्ता होईल. दोन्ही झालं. विरोधात कोणी नव्हतं, नॅटली बिनविरोध अध्यक्ष. शपथ मी दिली. "निष्ठेने" या शब्दापाशी ती अडली, मी हळूच सांगितला, तिने म्हटला. नंतर जेवणात ओमानी हलवा होता, रशीदभाईंनी सहमहून आणलेला. पंचाला हार मी घातला.

पण जेवणाच्या आधी एक काम राहिलं होतं. आता राजीनामा घ्यायला खरा अध्यक्ष होता. मी दुसरा कागद काढून नॅटलीच्या हातात दिला. तिने वाचला आणि म्हणाली, "अंकल, यात रिझन नाही. मिनिट्समध्ये काय लिहायचं?"

मी काही ठरवून आलो नव्हतो. तोंडातून निघालं, "लिही, घरी मावशी एकटी आहे."

नॅटलीने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. म्हणाली, "अंकल, हे आधी का नाही सांगितलं? आम्ही तुम्हाला कधीच थांबवलं नसतं."

मावशी, तिला काय सांगणार? मला थांबवणारं दुसरं कोणी नव्हतंच. अर्बाब आज म्हणाला, "खलास, जा, माझी आईपण म्हातारी आहे." आणि मी एक महिना कायदा शोधत बसलो होतो.

राजीनामा मंजूर झाला. मार्चच्या अखेरचं तिकीट काढलं आहे.

तुझा
पायस